पाचवी तार हवी का?

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत चार तारांचा बास गिटार वाजवतो. तो विकून पाच तारांचा घ्यावा का?
— एक वाचक, गोरेगाव (जि. गोंदिया)

उत्तर : आधी तुमचे गायक कोणत्या पट्टीत गातात ते लिहून काढा. चार तारांवरचा सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन, सुमारे ४१ हर्ट्झ. गाणं काळी एक किंवा काळी दोनमध्ये असलं, की खालचा 'सा' हाताला लागतच नाही, तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पाचवी, बी तार सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. तिथे तो सापडतो. अशी गाणी बरीच असतील तर पाच तारा जरूर घ्या. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तरी बोटांची रचना तीच ठेवता येते, हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र लहान स्पीकरवर हे सूर पोकळ ऐकू येतात. शिवाय न वाजवलेली जाड तार गुणगुणत राहते. तिच्यावर उजवा अंगठा टेकवण्याची सवय लावावी लागते. घाईनं जुना बास विकू नका. त्यावर बी-ई-ए-डीचा जाड संच चढवून एक हंगाम वाजवा. फक्त नटच्या खाचा कारागिराकडून रुंद करून घ्या.