एकमेकांस आवरणारे थर

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी हे गाव आहे. नागवेलीच्या पानमळ्यांसाठी ते परिचित आहे. आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराममहाराजांची पालखी या गावावरून पंढरपूरकडे जाते. या भागात पूर्वी सुतारकाम म्हटले, की बाभळीचे लाकूड डोळ्यांपुढे येई. बैलगाडीची चाके, नांगर, कुळव ही सारी त्या चिवट लाकडाची घडत. आता घरातील मांडणी किंवा कपाट करावयाचे असले, म्हणजे बहुधा प्लायवुडचा तक्ता आणला जातो.

समजा, या गावातील एका मुलीने आपल्या पुस्तकांसाठी घरीच मांडणी करावयाचे ठरविले आहे. पानांच्या विक्रीतून थोडे थोडे पैसे बाजूस ठेवून वडिलांनी प्लायवुडचा एक तक्ता आणून दिला आहे. तो चुकीचा कापला गेला, तर दुसरा लगेच मिळणे नाही. मुलगी उत्साहाने करवत उचलते. तिचे आजोबा जन्मभर सुतारकाम केलेले. ते म्हणतात, "थांब, बाळ. आधी तक्त्याची कड नीट पाहा. कसे कापावे, ते तीच तुला सांगेल."

कडेकडे पाहिले, की एक फिकट, एक गडद अशा रेषा एकावर एक दिसतात. हे लाकडाचे पातळ थर होत. कारखान्यात ओंडका वाफेने किंवा गरम पाण्याने मऊ करतात आणि लांब पात्यासमोर फिरवितात. गुंडाळलेली चटई उलगडावी, तसा लाकडाचा पातळ पापुद्रा निघत जातो. हे पापुद्रे डिंकासारख्या चिकट द्रव्याने एकावर एक बसवून मोठ्या दाबाखाली तापवितात. प्लायवुडचे सारे मर्म हे थर ठेवण्याच्या रीतीत आहे. एका थराचे तंतू उभे असले, तर त्यावरील थराचे आडवे असतात.

असे का करतात? पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत घट्ट बसते आणि उन्हाळ्यात सैल होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. लाकूड तंतूंच्या लांबीच्या दिशेने फारसे वाढत नाही. पण रुंदीच्या दिशेने ते फुगते व आकसते. तंतूंच्या दिशेने ते चटकन चिरतेही. थर आडवे-उभे ठेवले, की एक थर फुगू लागताच शेजारचा थर त्याला आवरून धरतो. थरांची संख्या बहुधा तीन, पाच, सात अशी विषम असते. त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही अंगांस सारखा ताण राहतो आणि तक्ता वाकडा होत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तमधील सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडात सापडलेल्या एका शवपेटीसाठी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी असेच आडवे-उभे थर जोडले होते. १९४० साली प्रथम उडालेल्या 'मॉस्किटो' या ब्रिटिश लढाऊ विमानाचा सांगाडाही मुख्यतः प्लायवुड व हलके बाल्सा लाकूड यांचा होता.

आता आजोबांच्या सांगण्याचा अर्थ ध्यानी येईल. प्रथम तक्त्याचा नकाशा कागदावर काढावा. बाजारातील मोठा तक्ता साधारणतः आठ फूट लांब व चार फूट रुंद असतो. प्रत्येक कापात करवत दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. ते माप आधीच सोडावे. वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने येतील, अशी आखणी करावी. वाकण्यास बाहेरचे थरच अधिक विरोध करतात.

फळी किती लांब असावी, हेही विचारपूर्वक ठरवावे. अठरा मिलिमीटर जाडीच्या फळीवर पुस्तके ठेवावयाची असतील, तर दोन आधारांमधील अंतर सुमारे अडीच फुटांहून अधिक नसावे. दर फुटावरील ओझे तेच ठेवून हे अंतर दुप्पट केले, तर फळी दुप्पट नव्हे, सोळापट खाली वाकते!

कापताना वरचा पातळ थर ढलप्या काढतो. म्हणून आखलेल्या रेघेवर धारदार चाकूने आधी चीर पाडावी आणि बारीक दातांची करवत घ्यावी. पुढे ढकलताना कापणारी करवत असेल, तर चांगली बाजू वर ठेवावी. कारण ढलप्या खालच्या अंगास निघतात. भुसा नाकात जाऊ नये म्हणून नाकावर फडके बांधावे आणि काम मोकळ्या हवेत करावे.

कडेतून ठोकलेला खिळा थरांमध्ये शिरून त्यांना फोडतो. यासाठी कोपऱ्यात आतून लाकडी पट्टी सरसाने चिकटवावी आणि फळीच्या सपाट बाजूने पट्टीत स्क्रू बसवावेत. स्क्रूपूर्वी गिरमिटाने बारीक भोक पाडावे. काचकागद तंतूंच्या दिशेने व हलक्या हाताने फिरवावा. जोर केला, तर वरचा थर झिजून खालचा उघडा पडतो.

प्लायवुडचा खरा शत्रू पाणी. कडेवरील तंतूंची तोंडे उघडी असल्याने ओल तेथूनच आत शिरते. म्हणून कडांवर पातळ लाकडी पट्टी चिकटवून त्यांस रंग द्यावा. मांडणी ओल्या भिंतीस टेकवू नये. खरेदी करतानाही भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का पाहावा. 'आय. एस. ३०३' हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे मानक होय, तर 'आय. एस. ७१०' हे पाण्याशी संबंध येणाऱ्या मरीन प्लायवुडचे.

एवढे समजून घेतल्यावर मुलगी पुन्हा करवत उचलते. आता तिचा हात घाई करीत नाही. संध्याकाळी मांडणी उभी राहते. उरलेल्या तुकड्यांतून दप्तर ठेवण्यापुरती एक लहान फळीही निघते. आजोबा कडेवरून बोट फिरवून पाहतात. बोटाला कोठेही कुसळ लागत नाही. "झाले तुझे काम," ते म्हणतात, "आता पुस्तके आण."

स्वाध्याय
१. प्लायवुडचे थर आडवे-उभे का ठेवतात?
२. कडेतून खिळा ठोकू नये, याचे कारण सांगा.
३. घरातील लाकडी दार पावसाळ्यात व उन्हाळ्यात कसे बसते, ते पाहून पाच ओळी लिहा.