सोबतीचा व्यायाम

शरीर सुदृढ राहावें म्हणून व्यायाम करावा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु व्यायामानें माणूस माणसास जोडला जातो, याकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. याचें एक उदाहरण या पाठांत पाहूं.

सन २००४ सालीं लंडन येथील पॉल सिंटन-हेविट या गृहस्थांस दुखापतीमुळें धांवतां येईना. धांवणें सुटलें तर बरोबरीचे मित्रही सुटतील, अशी त्यांस भीति वाटली. तेव्हां त्यांनीं मित्रांकरितांच एक धांव योजिली. २ ऑक्टोबर रोजीं, शनिवारीं सकाळीं, बुशी पार्क नामक उद्यानांत १३ जण ५ किलोमीटर धांवले. पॉल यांनीं स्वतः न धांवतां व्यवस्था पाहिली. पुढें दर शनिवारीं हा क्रम चालूं राहिला. धांव संपल्यावर मंडळी कॉफी पीत, बोलत बसूं लागली.

आज ‘पार्करन’ या नांवानें ही चाल वीसांहून अधिक देशांत पसरली आहे. तेथें फी नाहीं. चालत जाणाऱ्यासही मज्जाव नाहीं. एका स्वयंसेवकाचें काम एवढेंच कीं, सर्वांच्या मागून चालावें, म्हणजे शेवटीं येण्याची लाज दुसऱ्या कोणास वाटूं नये.

सोबतीचा परिणाम शरीरावरही होतो. ऑक्सफर्ड येथें १२ नावाड्यांची परीक्षा सन २००९ सालीं प्रसिद्ध झाली. वल्हविण्याचे श्रम तेवढेच असतां, एकट्यानें वल्हविल्यानंतर जितकी वेदना सोसवे, त्याहून अधिक वेदना सर्वांनीं मिळून वल्हविल्यानंतर सोसवली, असें आढळलें.

आपल्या गांवींही लेझीम, हुतूतू किंवा पहाटेची फेरी यांस पैसा लागत नाहीं. समोर बसवून विचारलें असतां “बरें आहे” एवढेंच म्हणणारा मनुष्य बरोबर चालतांना आपलें दुःख सांगूं लागतो. मात्र बळकट तरुणांचाच संघ केला, तर बाकीचे कडेला उभे राहतात, व ज्यास सोबतीची गरज अधिक तोच एकटा राहतो. म्हणून वार, वेळ व जागा ठरवावी. दुर्बळास आधीं बोलवावें. आणि शेवटीं थोडा वेळ एकत्र बसावें.

विचाराकरितां प्रश्न :
१. आपल्या गांवांत सध्यां एकटें कोण पडलें आहे?
२. त्यास बोलावण्यास कोण जाईल?
३. सर्वांच्या मागून कोण चालेल?