रिकामा कोण करणार, हे आधी ठरवा

शेतात कोरडा संडास बांधायचा म्हणून माहिती विचारायला कुणी आलं, की मी आधी विचारते, ‘पुढे तो रिकामा कोण करणार?’ पुष्कळांनी याचा विचारच केलेला नसतो. ‘बघू तेव्हा’, ‘सालदार आहे की’, ‘गावातून कुणाला तरी बोलावू’, अशी उत्तरं येतात. ज्या घरातून अशी उत्तरं येतात, त्या घरानं हा संडास बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्या मळ्यात जे घडलं त्यातून ते झालं. नव्यानं बांधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर सांगते.

आमचा मळा चोपडा तालुक्यात, तापीच्या बाजूला. केळी आणि कपाशी. वस्ती गावापासून लांब. शेतीपंपाची वीज ठरल्या तासांपुरती येते, तीही कधी रात्रीची. घरातले दिवे-पंखे सोलरवर चालतात. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल जातं, तेव्हा दर वेळी बादलीभर पाणी ओतावं लागणारा संडास परवडत नाही. शिवाय काळ्या जमिनीत शोषखड्ड्याचं जमत नाही. ही माती वैशाखात हातभर भेगाळते आणि पाऊस लागला की फुगून पाणी मुरूच देत नाही. श्रावणात खड्डा काठोकाठ भरतो. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडच्या बझाडा पट्ट्यात अडचण नेमकी उलटी. तिथे जमिनीखाली दगडगोटे आणि वाळू. पाणी झपाट्यानं खाली उतरतं, आणि संडासाच्या खड्ड्यातलंही त्याच्याबरोबर भूजलाला मिळू शकतं. त्यामुळे आमच्यासारख्यांना कोरडा, खत करणारा संडास हा चांगला पर्याय आहे, हे मी आजही म्हणते. फक्त तो नियमानं चालवावा लागतो.

हा संडास चालतो कसा

बसायच्या भांड्याखाली दोन बंद कप्पे असतात. एक वापरात, दुसरा झाकलेला. भांड्यात वेगवेगळ्या जागा असतात. विष्ठा खाली कप्प्यात पडते, लघवी पुढच्या बाजूनं नळीवाटे कॅनमध्ये जाते आणि धुण्याचं पाणी तिसऱ्या जागेवरून बाहेरच्या वाफ्यात सोडतात. दर वेळी वरून कोरडा भुसा, राख किंवा चाळलेली कोरडी माती टाकायची. कप्पा भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती होते.

इथे दोन कामं एकाच वेळी होतात. मैल्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो. नीट कुजण्यासाठी एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, आणि तो भुशातून मिळतो. दुसरं काम वाळण्याचं. कोरडेपणा, राखेचा क्षार आणि काळ यांनी रोगजंतू मरतात. सगळ्यांत चिवट असतात ती जंतांची अंडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत उष्ण हवेसाठी एक वर्षाहून जास्त साठवण सांगितली आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तरी मी दीड वर्ष धरते. कप्प्यात नवीन काहीही पडणं बंद होतं, त्या दिवसापासून हा काळ मोजायचा.

आमच्याकडे काय झालं

ज्या गवंड्यानं काम केलं, त्यानं पायऱ्या कमी लागाव्यात म्हणून कप्पे निम्मे जमिनीत घेतले. म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते ऐकायला बरोबरही वाटत होतं. पहिला हिवाळा आणि उन्हाळा संडास उत्तम चालला. वास नाही, माश्या नाहीत. पाहुणे मुद्दाम बघायला यायचे.

पावसाळ्यात झड लागली आणि काळ्या मातीतलं पाणी भिंतीच्या सांध्यांतून आत झिरपू लागलं. त्याच सुमारास केळीची कापणी आली. माल भरायला आलेली माणसं तोच संडास वापरत होती. पाण्यानं धुण्याची आपली जन्माची सवय; धुण्याची जागा वेगळी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे तांब्याभर पाणी दर वेळी सरळ कप्प्यात जाई. बाहेर ठेवलेलं भुशाचं पोतं पावसात भिजलं होतं. ओला भुसा टाकला काय आणि न टाकला काय, सारखंच.

मागचं झाकण काढलं तेव्हा अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबला. आत करडा रबरबीत लगदा, वर भुशाचे गोळे तरंगत होते, कडेनं पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. हवा शिरायला जागाच उरली नव्हती. जिथं हवा नाही तिथं कुजणं सडण्यावर जातं, आणि सडलेल्याला वर्षभर थांबलं तरी त्याची माती होत नाही.

घरात बैठक बसली. वडीलधाऱ्यांपैकी एकानं सुचवलं, ‘सालदाराला सांगा. चार पैसे जास्त द्या, तो करेल.’ दुसऱ्यानं तालुक्याहून माणूस आणायचं सुचवलं. आमचा सालदार ओसरीवर बसून सगळं ऐकत होता. तो काही बोलला नाही, आणि मालकाच्या घरी त्याला ‘नाही’ म्हणणं अवघड आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाला हातानं मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा नसता, तरी आमच्या घरातली घाण दुसऱ्याच्या हातांनी उचलायची असेल, तर पाणी वाचवल्याचा आणि खत केल्याचा अभिमान कशाला मिरवायचा? मी आणि आमच्या यांनी ठरवलं, आपणच करायचं.

हे काम कमीपणाचं समजून दुसऱ्यावर ढकलण्याविरुद्ध आपल्याकडे मोठी माणसं झगडली आहेत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचं काम मागितलं. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला, तेव्हा अप्पांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांवर काम केलं. त्याच १९३२ साली आमच्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबा गीतेवर प्रवचनं देत होते आणि साने गुरुजी ती उतरून घेत होते. विनोबांनी नंतर पवनारजवळच्या सुरगावात रोज पायी जाऊन मैला साफ केला. खत करणारा संडास याच विचारातून आपल्याकडे रुजला. तो दुसऱ्याच्या जिवावर चालवला, तर त्यातला अर्थच जातो.

बिघडलेला कप्पा कसा निस्तरायचा

कुणावर ही वेळ आलीच, तर आम्ही केलं तसं करा. गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, तोंडाला घट्ट फडकं. झाकण उघडून कप्पा बराच वेळ मोकळ्या हवेत राहू द्या, आत उतरू नका; लांब दांड्याच्या फावड्यानं बाहेरूनच काढा. विहीर, बोअर आणि नाल्यापासून लांब, उंचवट्यावर उथळ चर खणा. तळाशी बारीक केलेल्या पऱ्हाट्यांचा जाड थर, वर लगदा, वर पुन्हा काडीकचरा, आणि सगळ्यांत वर वीतभर माती. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून वरून ताडपत्री, आणि कुत्री-डुकरं उकरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण. पुढची दोन वर्षं तिथे भाजीपाला लावू नका. अवजारं धुऊन उन्हात टाका, आणि साबणानं आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवू नका.

नव्यानं बांधणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी

कप्पे पूर्णपणे जमिनीच्या वर. काळ्या जमिनीत आधी मुरुमाचा ओटा करा, त्यावर काँक्रीटचा तळ, आणि त्यावर कप्पे. पायऱ्या वाढतात, त्याला इलाज नाही. म्हाताऱ्यांसाठी बाजूला कठडा बसवा. माझ्या भावानं धुळे जिल्ह्यात शिंदखेड्याकडे असाच बांधला आहे. तिकडची जमीन मुरमाड, पाऊस बेताचा, आणि घरात माणसं तीनच. त्याचा कप्पा उघडला तेव्हा मी तिथे होते. गडद तपकिरी, मोकळी माती, मधेमधे न कुजलेले भुशाचे कण आणि शेंगांची टरफलं. जवळ जाऊन वास घेतला; तो निव्वळ मातीचा होता. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक घनमीटरचा कप्पा धरावा. कापणीचे मजूर, लग्नकार्याचे पाहुणे अशी गर्दी होणार असेल, तर तेवढ्यापुरती वेगळी सोय करा.

मागची दारं दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातही कप्पे तापतात. प्रत्येक कप्प्याला चार इंची पाइप, छपराच्या वर हातभर जाईल असा आणि काळ्या रंगानं रंगवलेला. उन्हानं पाइप तापतो, आतली हवा वर चढते आणि वास खोलीत येत नाही. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर टोपी.

भांडं आणण्याआधी वर्षभराचा भुसा साठवा. आरागिरणीतला भुसा सर्वांत सोयीचा. सागाचा भुसा सावकाश कुजतो, आणि प्लायवुडच्या कारखान्यातल्या भुशात डिंक असतो, तो नको. गव्हाचा भुसा, कुट्टी केलेला कडबा, श्रेडरमधून काढलेल्या पऱ्हाट्या चालतात. केळीची वाळलेली पानं भरपूर मिळतात, पण आख्खी टाकली तर एकमेकांवर चिकटून हवा अडवतात; बारीक करूनच टाका. चुलीची राख गार झाल्यावरच, भुशाच्या जोडीनं. पावसाळ्याचा साठा छपराखाली, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. आषाढात कोरडा भुसा संपला, तर संडास बंद ठेवावा लागतो, हे लक्षात असू द्या.

धुण्याचं पाणी केळीच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडा. वाफ्यात खाली खडी, वर माती. पाणी उघडं साचता कामा नये. लघवीचा कॅन झाकणाचा असावा. तिच्यात मैल्यापेक्षा कितीतरी जास्त नत्र असतं. एका भागाला दहा भाग पाणी घालून झाडाच्या बुंध्यापासून थोडं लांब, मातीत मुरेल असं घाला. पानांवर शिंपडू नका, आणि घरात कुणी आजारी असेल तर त्या दिवसांतली वापरू नका.

नियम सांगणारी पाटी आत लावा, पण पाटीवर विसंबू नका. प्रत्येक नव्या माणसाला, मग तो मजूर असो की जावई, एकदा स्वतः नेऊन दाखवा. बायकांनी बायकांना सांगावं. पाळीचे पॅड कप्प्यात टाकायचे नाहीत, त्यांच्यासाठी झाकणाचा डबा आत ठेवायचा, हे संकोच न करता सांगितलं पाहिजे. जुलाब झालेल्या माणसानंतर भुसा आणि राख नेहमीच्या दुप्पट. हात धुवायला साबण आणि पाणी दाराबाहेरच.

तयार खत मुठीत दाबलं तर हाताला ओल लागू नये आणि मूठ उघडल्यावर ते सुटं व्हावं. हे हातमोजे घालूनच बघा. शंका आली, तर शेणखताच्या ढिगात मिसळून आणखी एक उन्हाळा जाऊ द्या. आंबा, लिंबू, शेवगा, कपाशी यांच्या बुडाशी घालून मातीनं झाका. मेथी, कोथिंबीर, मुळा, कांदा अशा जमिनीलगतच्या, कच्च्या खायच्या पिकांना अजिबात देऊ नका.

कुणी बांधू नये

घरी चार जनावरं आणि पुरेसं पाणी असेल, तर संडासाला जोडलेला बायोगॅस जास्त सोयीचा. देहूच्या डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी अशा संडासांसाठी आयुष्य वेचलं, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या वस्तीवर माणसं सतत बदलत असतात, तिथे कोरडा संडास टिकत नाही, कारण रोज लक्ष घालणारं कुणी नसतं. आणि ज्या घरातले कर्ते लोक स्वतः फावडं हातात घ्यायला तयार नाहीत, त्यांनी दुसरा कुठलाही प्रकार निवडावा.

तयारी असेल, तर काम होळीनंतर काढा. तेव्हा माती कोरडी असते, पाया नीट बसतो आणि गवंडीही मोकळे असतात. आधी भुशाची कोठी बांधा, मग कप्पे. अक्षय्य तृतीयेपर्यंत बांधकाम उरकून वापर सुरू करा, म्हणजे पावसाआधी घरच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडेल. मृगाच्या आधी कप्प्याभोवती पाण्याच्या घागरी ओतून बघा. सांधा कुठे पाझरत असेल, तर तो तेव्हाच सिमेंटनं बुजवता येतो.