हळू आवाजातली हाक

आज पहाटेच्या वाचनात राइट व्हेलपाशी अडकले. उत्तर अटलांटिकमधले हे देवमासे, आज ४०० पेक्षाही कमी उरलेत. पाण्यात लांबचं दिसत नाही, पण आवाज हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने जातो. म्हणून एकमेकांना शोधायला ते खालून वर चढणारी हाक देतात. पण तान्हं पिल्लू सोबत असलं ना, की आई ही हाक फारशी देतच नाही. नुसता हळू, तुटका हुंकार, जवळच्या पिल्लापुरता. शार्क किंवा किलर व्हेलला चाहूल लागू नये म्हणून असावं, असं संशोधकांना वाटतं.

आता यात जहाजांची घरघर मिसळा. तीही नेमकी त्याच खालच्या पट्टीतली! सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं कमी झाली, गोंगाट ६ डेसिबलने उतरला. त्या दिवसांत देवमाशांच्या विष्ठेत तणावाचं संप्रेरक कमी सापडलं. (हो, विष्ठेवरून कळतं!) म्हणजे एरवी ते कायम ताणातच जगतात की काय?

मी भजनाचे इयरफोन काढले. आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती, बहुतेक दुसऱ्यांदा.