सायंकाळचा भोंगा

नाशिक शहरात अशोकस्तंभापासून निघून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यास गंगापूर रोड म्हणतात. या रस्त्याने पुढे गेले की सोमेश्वराचे देवालय लागते व जवळच गोदावरीचा धबधबा दिसतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले म्हणजे तो फेसाळत कोसळतो, आणि तो पाहण्यास माणसांची रीघ लागते. परंतु तेथे एक चमत्कारिक दृश्य नजरेस पडते. धबधबा पाहावयास आलेली कितीतरी माणसे त्याच्याकडे पाठ करून उभी असतात! हातातील मोबाईलने स्वतःची छबी टिपून ती दूरच्या मित्रास धाडण्याची त्यांस घाई झालेली असते. सोबत आलेले आजोबा काही सांगू पाहतात. ते ऐकावयास मात्र कोणास सवड नसते.

यात दोष एकट्या यंत्राचा नव्हे. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा नाशिकच्या आईस रोज दिसतो, तो याच यंत्रामुळे. 2020 साली करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येकांचे वर्गही याच काचेवर भरले. पण पुस्तकास शेवटचे पान असते, वर्तमानपत्रही वाचून संपते. मोबाईलवरील चित्रफितींना मात्र अंत नाही. एक संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. कोठे थांबावयाचे, हे पाहणाऱ्यानेच ठरवावे लागते. आणि एकट्यास ते मोठे कठीण जाते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे 3,000 वस्तीचे गाव आहे. साथ ओसरून शाळा उघडल्या, तरी तेथील मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना व अभ्यासात त्यांचे चित्त लागेना. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामस्थांपुढे एक बेत मांडला. प्रथम कित्येकांनी तो हसण्यावारी नेला. गावातील स्त्रियांनी मात्र तो उचलून धरला. 15 ऑगस्ट 2022 पासून रोज सायंकाळी 7 वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. तो ऐकताच घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद करावयाचे, आणि 8.30 वाजता भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास, वाचन करावयाचे, घरच्यांशी बोलावयाचे, असे ठरले. शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली. भोंग्याचा नियम थोरांसही होता. मुलास 'अभ्यासास बस' म्हणावयाचे आणि स्वतः मालिका पाहत राहावयाचे, ही सोय वडीलधाऱ्यांस उरली नाही! एकाच वेळी सारे गाव थांबल्यामुळे, आपणच तेवढे काही गमावले, असे कोणास वाटावयाचे कारणही राहिले नाही.

गंगापूर रोडसारख्या शहरी वस्तीत एक भोंगा कोणाकोणास पुरणार? तेथे वरच्या मजल्यावर कोण राहते, हेही पुष्कळदा खालच्यास ठाऊक नसते. परंतु माणसास माणसाच्या दारी नेणारी एक निराळी रीत नाशिकात आधीच रुजली आहे. कवी कुसुमाग्रजांचे स्मारक गंगापूर रोडवरच आहे. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातर्फे विनायक रानडे यांनी 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. 100 पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे ठेवावयाची. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे जावयाची व त्यांची पेटी इकडे यावयाची. पेटी गटातील एखाद्याच्या घरी असते. पुस्तक बदलावयाचे तर त्याच्या दाराची कडी वाजवावी लागते. दार उघडते, पुस्तक कसे वाटले याची विचारपूस होते, आणि बहुधा चहा घेतल्यावाचून पाहुण्याची सुटका होत नाही.