बॅटरी पंपाचा चार्जर किती वीज खातो?



तणनाशक मारण्यासाठी आता पुष्कळांकडे पाठीवरचा बॅटरी पंप आलेला आहे. गटातून फिरताना आम्हांस मात्र एक गोष्ट वारंवार दिसते. फवारणी संपून महिने झाले, ऊस डोक्यावर गेला, तरी चार्जर प्लगात तसाच आणि बटण चालू. विचारले तर उत्तर ठरलेले, "असू द्या साहेब, पंप कुठं लावलाय त्याला? वीज कशाला लागतीय?"

लागते. चार्जर हाताला कोमट लागला म्हणजे तो वीज खातो आहे असे समजावे. हिशेबच करू. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ९६ वॅट-तास. घट धरून सव्वाशे, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा. वर्षात ४० वेळा चार्ज केली तर ५ युनिटे. उलट, रिकामा चार्जर नुसते ३ वॅट ओढत वर्षभर राहिला तर २६ युनिटे जातात. कामापेक्षा बिनकामाचे पाचपट!

परदेशात यावर नियम झाले. युरोपात घरगुती व कचेरीतील उपकरणांनी बंद असताना किती वीज ओढावी याची मर्यादा २०१० पासून १ वॅट व २०१३ पासून अर्धा वॅट अशी ठरली. कॅलिफोर्निया राज्याने २०१२ साली खास बॅटरी चार्जरसाठी नियम केले. त्यात बॅटरी भरल्यावरची आणि बॅटरी काढल्यावरची वीजही मोजतात. आपल्याकडे तूर्त आपले बोट हाच नियम. हिरवा दिवा लागला की बटण बंद.

आता याच्या उलटी चूक. मागे एका सभासदाने उतरलेली बॅटरी तशीच माळ्यावर टाकली. लागणीच्या वेळी पाण्यात औषध कालवले, पंप पाठीवर घेतला, तर दहा मिनिटांत बसला. शिशाच्या बॅटरीत चार्ज नसला की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर घट्ट बसतो, मग ती चार्ज धरीत नाही. औषध वाया, आणि तण थांबते होय?

म्हणून शिशाची बॅटरी पूर्ण भरूनच ठेवावी, पंपाचे बटण बंद आहे ना ते पाहावे, आणि महिन्यातून एकदा चार्ज करून प्लग काढावा. लिथियमची असेल तर अर्धी भरलेली ठेवावी, सावलीत. पत्र्याखाली तापू देऊ नये. कोणती आहे ते बॅटरीवरच छापलेले असते.