दोन वर्षांचा आजार आणि विम्याचा हिशेब

कागल तालुक्यातील बिद्री परिसरात आडसाली उसाचे गणित कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात लावलेला हा ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा राहतो आणि त्याचा खर्च दोन वर्षांच्या वह्यांत मांडावा लागतो. कर्करोगाच्या उपचाराचेही पुष्कळदा असेच होते. शस्त्रक्रिया, केमोथेरपीच्या फेऱ्या, किरणोपचार आणि पुढील तपासण्या यांत वर्ष उलटून जाते. विम्याचे संरक्षण मात्र एकेका वर्षापुरते असते. आजार एकच, पण हिशेब दोन, ही गोष्ट वेळीच ध्यानात न आल्यास कुटुंब कर्जात बुडण्याचा धोका असतो.

शासकीय योजनेतील मर्यादा

राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत लागू करण्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाख रुपये असलेली मर्यादा १ जुलै २०२४ पासून पाच लाख रुपये झाली असून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांचा योजनेत समावेश करण्यात आला आहे.

येथे दोन शब्द महत्त्वाचे आहेत: ‘कुटुंब’ आणि ‘दरवर्षी’. ही मर्यादा एका रुग्णाची नसून सर्व कुटुंबाची आहे. आईच्या कर्करोगावर साडेतीन लाख खर्च झाले, तर त्या वर्षी इतरांसाठी दीड लाखच उरतात. नव्या वर्षी मर्यादा पुन्हा पूर्ण होते. मात्र मागील वर्षाची शिल्लक तीत मिळविली जात नाही. योजनेचे वर्ष केव्हा बदलते आणि रक्कम किती उरली आहे, याची विचारणा अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

खासगी विम्याचे उदाहरण

समजा, एका कुटुंबाचा तीन लाखांचा विमा १ एप्रिल ते ३१ मार्च या मुदतीचा आहे. उपचार जानेवारीत सुरू झाले. मार्चअखेर २,४०,००० रुपये आणि एप्रिल ते डिसेंबर ३,२०,००० रुपये खर्च आला. सर्व खर्च विम्याच्या अटींत बसत असल्यास पहिल्या वर्षी २,४०,००० व दुसऱ्या वर्षी ३,००,००० रुपये मिळतील आणि कुटुंबावर २०,००० रुपयांचा भार पडेल. हाच सर्व खर्च एकाच विमावर्षात आला असता तर २,६०,००० रुपये पदरचे घालावे लागले असते. अर्थात, या हिशेबासाठी उपचार लांबणीवर टाकणे कधीही हिताचे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक वर्षी ठरावीक रक्कम प्रथम विमाधारकाने सोसावी, अशी अट काही विम्यांत असते. ती रक्कम २०,००० असेल, तर दोन वर्षांत ती दोनदा, म्हणजे ४०,००० रुपये भरावी लागते.

सर्वांत मोठी चूक

उपचार चालू असताना विम्याचे नूतनीकरण चुकणे, ही सर्वांत मोठी चूक होय. वरील उदाहरणात तसे घडल्यास दुसऱ्या वर्षाचे संपूर्ण ३,२०,००० रुपये कुटुंबावर येतील. नवा विमा मिळाला तरी कर्करोग हा पूर्वीचा आजार ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. मागील वर्षी विम्याची रक्कम घेतली, एवढ्या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. वार्षिक हप्त्यासाठी तीस दिवसांची सवलत असते. परंतु मधल्या दिवसांतील खर्च मिळेल असे गृहीत धरू नये. हप्ता मुदतीपूर्वीच भरावा.

गावपातळीवरील मदत

रुग्णाच्या घरी त्या काळात तारखा लक्षात ठेवण्याइतकी उसंत नसते. अशा वेळी शिक्षक व पंचायत सदस्य यांची मदत मोलाची ठरते. शिधापत्रिकेवर सर्वांची नावे आहेत किंवा नाहीत ते पाहणे, विम्याची अखेरची तारीख, खर्च झालेली व उरलेली रक्कम एका वहीत लिहून ठेवणे आणि प्रत्येक देयकाची प्रत जपणे, एवढे तरी करता येते. शासकीय योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते. वहीतील एका पानाची ही नोंद एखाद्या कुटुंबाची जमीन गहाण पडण्यापासून वाचवू शकेल.